खेळाडू हरला की बोट बाईकडे का जातं?

बेझनबागकर (धागाकर्ता)

फुटबॉलपटूंच्या प्रेमप्रकरणांच्या बातम्यांवर बरेच दिवस लिहायचं होतं. कोण कोणासोबत फिरतो हा माझा विषय नाही. मला खुपतं ते हे, की या सगळ्या बातम्यांची पावती शेवटी बाईच्याच नावाने फाडली जाते.

इकेर कासियास आणि सारा कार्बोनेरो यांचंच घ्या. २०१० चा वर्ल्डकप, दक्षिण आफ्रिका. कासियास स्पेनचा गोलकीपर आणि कॅप्टन, सारा स्पॅनिश टीव्हीची क्रीडा पत्रकार, आणि दोघांचं जमलंय हे जगजाहीर. १६ जूनला डर्बनमध्ये स्पेन पहिलीच मॅच स्वित्झर्लंडकडून ०-१ हरलं. गोलसमोर एकच गोंधळ उडाला आणि त्यात जेल्सन फर्नांडिसने बॉल आत ढकलला. असले गोल आपल्याकडे दर रविवारी होतात. पण ब्रिटिश पेपरांनी लावून धरलं की सारा गोलपोस्टच्या मागे उभी होती, म्हणून कासियासचं लक्ष उडालं. ती तिथे नोकरीवर उभी होती! मॅच संपल्यावर हरलेल्या कॅप्टनला, म्हणजे स्वतःच्या माणसाला, कॅमेऱ्यासमोर पराभवाचा जाब विचारायचं कामही तिनेच केलं.

त्यानंतर त्या स्पर्धेत स्पेन हरलंच नाही. पॅराग्वेच्या कार्दोसोची पेनल्टी कासियासने अडवली. फायनलला नेदरलँड्सचा रॉबेन एकटा अंगावर आला, तेव्हा डाइव्ह चुकलेली असतानाही पायाच्या टोकाने बॉल बाहेर काढला. स्पर्धेतला सर्वोत्तम गोलकीपर तोच ठरला. सारा तेव्हाही दक्षिण आफ्रिकेतच काम करत होती. हरल्याचा दोष तिचा असेल, तर या पेनल्टीचं श्रेय तिला का नाही? कोणी एका ओळीनेही दिलं नाही.

आपलं घर तरी कुठे वेगळं आहे? २६ मार्च २०१५ ला सिडनीत क्रिकेट वर्ल्डकपच्या सेमीफायनलमध्ये कोहली १ रन काढून आउट झाला आणि स्टँडमध्ये बसलेल्या अनुष्का शर्माला लोकांनी शिव्यांनी धुऊन काढलं. वर्षभराने टी-२० वर्ल्डकपमध्ये मोहालीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो नाबाद ८२ खेळला. तेव्हा दोघांचं बिनसल्याच्या बातम्या होत्या, तर लोक म्हणू लागले की ती गेली म्हणून हा खेळला. हरला तर ती आहे म्हणून, जिंकला तर ती नाही म्हणून. शेवटी कोहलीने जाहीरपणे लिहिलं की तिला छळणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. त्याच टी-२० वर्ल्डकपमध्ये आपल्या नागपूरच्या जामठ्यावर भारत ७९ रनांत गुंडाळला गेला होता. तेव्हा आपण काय बोललो? पिच वळत होतं, न्यूझीलंडच्या सँटनर आणि सोढीने गुंडाळलं. म्हणजे क्रिकेटची कारणं क्रिकेटमध्ये शोधता येतात आपल्याला. येतात, पण शोधत नाही.

मी संध्याकाळी मुलांची प्रॅक्टिस घेतो. रोनाल्डो-जॉर्जिनाची अंगठी केवढ्याची, यामाल कोणासोबत दिसला, हे मुलांना पाठ असतं. परवा एकाने अगदी गंभीरपणे विचारलं, ‘सर, प्रेमात पडलं की फॉर्म जातो का?’ मी त्याला मेस्सीचं सांगितलं. अंतोनेला रोकुझ्झो त्याची रोसारिओमधली लहानपणापासूनची ओळख. ३० जून २०१७ ला त्याच गावात लग्न. आणि वर्ल्डकप हातात आला तो २०२२ ला, तीन मुलांचा बाप झाल्यावर. पोराचं समाधान झालं, माझं झालं नाही. त्याच्या डोक्यात हा प्रश्न आलाच कुठून, ते मला बोलायचं आहे.

मधुरा धरमपेठ

दादा, मुद्दा पटतो. पण एक बाजू सुटतेय. हे लोक स्वतःच दार उघडतात. डेव्हिड बेकहॅम आणि व्हिक्टोरियाचं लग्न ४ जुलै १९९९ ला डब्लिनजवळच्या किल्ल्यात झालं, तेव्हा फोटोंचे हक्क एका मासिकाला दहा लाख पौंडांना विकले होते. जॉर्जिनाच्या आयुष्यावर तर नेटफ्लिक्सची मालिकाच आहे. माद्रिदच्या दुकानातली सेल्सगर्ल ते रोनाल्डोची जोडीदार, हा प्रवास ती स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगते. त्यात मला काहीच गैर वाटत नाही, तिची मेहनत आहे, तिचं नाव आहे. पण लग्नाचा अल्बम विकायचा आणि भांडण झालं की ‘आमचं खासगी आयुष्य’ म्हणायचं, हे कसं?

बेझनबागकर (धागाकर्ता)

मधुराताई, आपण लग्नाला हजार माणसं बोलावतो. म्हणून त्यातल्या कोणाला नंतर आपल्या बेडरूमची खिडकी उघडायचा हक्क मिळतो का? त्यांनी त्या दिवसाचे फोटो विकले, तेवढेच विकले.

आणि बेकहॅमचंच बघा. १९९८ ला अर्जेंटिनाविरुद्ध सिमेओनेला लाथ मारून त्याने रेड कार्ड घेतलं. चूक त्याची, एकट्याची. लंडनमध्ये एका पबबाहेर त्याचा पुतळा फासावर लटकवला. पुढचं वर्षभर इंग्लंडच्या मैदानांवर घोषणा मात्र व्हिक्टोरियाच्या नावाने होत्या, इथे लिहिता येणार नाहीत अशा. युरो २००० मध्ये पोर्तुगालकडून हरल्यावर बेकहॅमने स्वतःच्याच प्रेक्षकांना मधलं बोट दाखवलं. कोच केविन कीगनने त्याची बाजू घेतली, कारण लोक त्याच्या बायकोबद्दल आणि तान्ह्या पोराबद्दल काय ओरडत होते ते त्यानेही ऐकलं होतं. ते पोर तेव्हा सव्वा वर्षाचं होतं. त्याने कुठला अल्बम विकला होता?

कामठीचा लेफ्टबॅक

राजेहो, तुम्ही सगळे युरोपातच फिरून राहिले. मी जुना ब्राझीलवाला आहे. कामठीत रब्बानीच्या ग्राउंडवर वाढलेल्या माणसाला गारिंचा सांगावा लागत नाही. वाकड्या पायाचा राइट विंगर. १९६२ ला पेले जखमी होऊन बसला आणि यानं एकट्यानं वर्ल्डकप ओढून आणला. त्याच काळात एल्झा सोआरेसशी त्याचं जुळलं. सांबा गाणारी, गरिबीतून वर आलेली काळी बाई, आवाज असा की पुढे बीबीसीनं सहस्रकाची गायिका म्हणून तिचा गौरव केला.

गारिंचाचं आधी लग्न झालेलं होतं, घरात एकामागून एक पोरी. घर सोडलं यानं. लोकांनी संसारमोडी ठरवलं हिला. घरावर दगड, धमक्या, पेपरात रोजची बदनामी. पुढे तर घरावर गोळीबार झाला आणि देश सोडून इटलीला जावं लागलं.

आता मला जे सांगायचं आहे ते ऐका. गारिंचा दारू पिऊन गाडी चालवत होता, १९६९ ला त्या अपघातात एल्झाची आई गेली. दारू पिऊन तो एल्झाला मारत होता. हे एल्झानं स्वतः पुढे सांगितलं. ज्या पेपरवाल्यांना तिच्या अंथरुणापर्यंतची खबर होती, त्यांना तिच्या अंगावरचे वळ काऊन दिसले नाही? नजर तर चोवीस तास त्या घरावरच होती न.

गारिंचा २० जानेवारी १९८३ ला गेला. एल्झा २०२२ ला गेली, तारीख तीच, २० जानेवारी. नव्वदी पार केली होती आणि शेवटपर्यंत गात होती बाप्पा.

सिव्हिल लाइन्सवाला वकील

लेफ्टबॅक साहेबांनी लाख मोलाचं लिहिलं. ‘खासगी’ या शब्दाच्या आडून मारहाण लपवता येत नाही, आणि गुन्ह्याची बातमी देणं हे पेपरचं कामच आहे. पण प्रेमप्रकरण म्हणजे गुन्हा नव्हे. कोर्टं याच दोन गोष्टींच्या मधली रेघ शोधत असतात.

इंग्लंडमधल्या तीन केसेस सांगतो, क्रमाने वाचा. जानेवारी २०१० मध्ये इंग्लंडचा कॅप्टन जॉन टेरी याने बातमी छापू नये म्हणून मनाई हुकूम मिळवला होता, तो कोर्टाने उठवला. एका सहकाऱ्याच्या आधीच्या जोडीदाराशी संबंधांचा आरोप होता. आठवड्याभरात कोच कापेलोने त्याची कॅप्टनशिप काढली, जी पुढच्या वर्षी त्याला परत मिळाली. त्या बाईचं नाव आणि फोटो जगभर फिरले. ती सुरुवातीपासून हे सगळं नाकारत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोन वृत्तपत्रांनी तिची माफी मागितली. बातमी पहिल्या पानावर होती, माफी किती जणांनी वाचली असेल, विचार करा.

२०११ ला फुटबॉलपटू रायन गिग्जने असाच हुकूम घेतला. ट्विटरवर हजारो लोकांनी नाव फोडलं, एका स्कॉटिश पेपरने फोटो छापला आणि २३ मे रोजी एका खासदाराने थेट संसदेत नाव घेतलं. कागदावर हुकूम जिवंत आणि गल्लीतल्या पोरालाही नाव माहीत, अशी अवस्था. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिओ फर्डिनांड एका पेपरविरुद्धचा दावा हरला. तो टेरीच्या जागी कॅप्टन झाला होता आणि स्वच्छ प्रतिमेवर झाला होता. म्हणून त्याच्या वागण्याची बातमी लोकहिताची ठरते, असं न्यायाधीशांनी मानलं. मला स्वतःला हा निकाल पटत नाही. कॅप्टनने टॉस करावा, टीम लावावी, त्याचं घर कोणी तपासायचं?

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. त्याआधीही १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की माणसाचं लग्न, कुटुंब, संसार यांबद्दल त्याच्या संमतीशिवाय छापता येत नाही. मात्र जो स्वतःहून वादात उतरतो किंवा जे आधीच सरकारी दप्तरात जाहीर आहे, त्याला सूट आहे. म्हणजे मधुराताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच निकालात आहे. हक्क कागदावर आहे. पण नागपूरच्या एखाद्या पोरीचे फोटो फिरले, तर कोर्टाची तारीख लागेपर्यंत ते फोन टू फोन कुठल्या कुठे गेलेले असतात.

रात्रपाळी

मी हे सगळं आतून पाहिलंय, म्हणून लिहिते. नागपुरातून चालणाऱ्या एका वेबसाइटच्या डेस्कवर होते, रात्रपाळीला. नाव घेत नाही. खेळाची कॉपी कशी बनायची ते सांगते. मॅच रिपोर्ट लिहायला तासभर लागायचा आणि तो कोणी उघडायचं नाही. मग वरून मेसेज यायचा, ‘गर्लफ्रेंडवाली स्टोरी घे’. परदेशी टॅब्लॉइडची बातमी उघडायची, चार परिच्छेद मराठीत करायचे, तिच्या इन्स्टाग्रामवरून बारा फोटो उचलायचे, प्रत्येक फोटोला वेगळं पान, म्हणजे एका वाचकाचे बारा क्लिक. हेडिंगमध्ये ‘बोल्ड’ नाहीतर ‘धक्कादायक’ असलंच पाहिजे. बातमीत कितीदा तर तिचं पूर्ण नावसुद्धा नसायचं, नुसतं ‘रोनाल्डोची गर्लफ्रेंड’. खात्री कोण करणार? टॅब्लॉइडने ‘निकटवर्तीयांनुसार’ लिहिलेलं असायचं, आम्हीही तेच लिहायचो.

एप्रिल २०२२ मध्ये रोनाल्डो-जॉर्जिनाच्या जुळ्यांपैकी मुलगा जन्मतःच गेला, मुलगी वाचली. त्यांनी जाहीर विनंती केली होती की आम्हाला एकटं सोडा. त्या रात्रीही गॅलरी मागितली गेली. मी नाही म्हटलं, दुसऱ्याने केली. दुसऱ्याच दिवशी ॲनफिल्डवर सातव्या मिनिटाला लिव्हरपूलचे प्रेक्षक उठून उभे राहिले आणि मिनिटभर टाळ्या वाजवत राहिले. लिव्हरपूल! रोनाल्डो तेव्हा मँचेस्टर युनायटेडचा, आणि त्या क्लबशी हाडवैर असलेलं हे गाव. गावठी, शिवराळ म्हणून हिणवलेल्या त्या प्रेक्षकांना जे कळलं, ते आमच्या एसी ऑफिसात कळलं नाही.

‘निकटवर्तीय’ म्हणजे कोण, हे समजून घ्यायचं असेल तर वेन रूनीची बायको कोलीनचं प्रकरण वाचा. तिच्या खासगी इन्स्टाग्रामवरच्या गोष्टी पेपरात यायच्या. तिने संशय असलेलं एक अकाउंट सोडून सगळ्यांना गुपचूप बंद केलं आणि मुद्दाम खोट्या गोष्टी टाकल्या. त्यातली एक होती, नव्या घराच्या तळघरात पाणी शिरल्याची. छापून आलं! ऑक्टोबर २०१९ मध्ये तिने ते अकाउंट कोणाचं ते जाहीर केलं: रिबेका वार्डी, दुसऱ्या फुटबॉलपटूची बायको. वार्डीने बदनामीचा दावा लावला आणि जुलै २०२२ मध्ये ती हरली. या खटल्यावर नाटकं झाली, मालिका झाली, दोघी बायकांना झोंबाझोंबी करणाऱ्या म्हणून जगभर दाखवलं. तळघराची खोटी बातमी एका फोनचीही खात्री न करता छापणाऱ्या पेपरबद्दल त्याच्या शंभराव्या भागाइतकीही चर्चा झाली नाही.

मधुरा धरमपेठ

रात्रपाळीताई, वाचून सुन्न झाले. बारा पानांच्या त्या गॅलऱ्या मीही उघडलेल्या आहेत.

२००६ चं मला आठवतं. वर्ल्डकप जर्मनीत होता आणि इंग्लंडच्या खेळाडूंच्या बायका-मैत्रिणी बाडेन-बाडेनला उतरल्या होत्या. त्यांची खरेदी, चष्मे, जेवणं, सगळं रोज टीव्हीवर. इंग्लंड क्वार्टर फायनलला पोर्तुगालकडून हरलं आणि आमच्या घरीसुद्धा सगळे म्हणाले, बायका नेल्या की असंच होतं. रूनीला रेड कार्ड मिळालं होतं, लॅम्पार्ड, जेरार्ड आणि कॅरागर यांनी पेनल्टी घालवल्या होत्या. चार वर्षांनी कापेलोने कडक नियम केला, मॅचनंतर एक दिवस भेट, बाकी लांब. जर्मनीने ४-१ ने घरी पाठवलं.

आणि दादा, तुमच्याच उदाहरणावर एक प्रश्न. फायनलनंतर सारा कासियासची मुलाखत घेत होती, लाइव्ह. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले आणि त्याने तिला जवळ ओढून किस घेतला आणि निघून गेला. सगळ्या जगाने प्रेमकहाणी म्हणून डोक्यावर घेतलं. मलाही तेव्हा गोड वाटलं होतं. पण महिनाभर जी बाई ‘मी इथे पत्रकार आहे’ हे सिद्ध करत होती, तिला त्याने त्या क्षणी पुन्हा ‘गर्लफ्रेंड’ करून टाकलं, नाही का?

बेझनबागकर (धागाकर्ता)

याचं उत्तर सारानेच द्यावं, आपण नाही. त्यांनी पुढे लग्न केलं, दोन मुलं झाली, २०२१ ला वेगळे झाले, तेही चिखलफेक न करता जाहीर केलं. पण तुमचा प्रश्न योग्य आहे. त्या किसचा व्हिडिओ आजही फिरतो, तिने विचारलेले प्रश्न कोणालाच आठवत नाहीत.

कामठीचा लेफ्टबॅक

एक बाजू माझीही ऐका. पेपरवाले सदा वाईटच असं नाही. मॅराडोनाचं नेपल्समधलं पोर, १९८६ चं. बाप मानायला तयार नाही, सगळं शहर त्याच्या पायाशी. त्या बाळंतिणीनं दवाखान्यातून टीव्हीवर सांगितलं, बाप हा आहे. डीएनए टेस्टला हा गेलाच नाही, तरी कोर्टानं पोर त्याचंच धरलं. मायबाप, त्या दिवशी कॅमेरा नसता तर तिचं कोण ऐकलं असतं? म्हणून सरसकट ‘खासगी, खासगी’ करू नका. बाई स्वतः बोलू म्हणते तेव्हा माइक द्या. ती नको म्हणते तेव्हा दाराबाहेर व्हा.

गोलकीपर मुलगी

मी वाचत होते फक्त, पण आता लिहिते. मी कॉलेजच्या मुलींच्या टीममध्ये खेळते. किसचा विषय निघाला म्हणून. स्पेनने पुरुषांचा वर्ल्डकप २०१० ला जिंकला आणि मुलींनी २० ऑगस्ट २०२३ ला सिडनीत. तिथे मेडल देताना फेडरेशनच्या अध्यक्षाने, रुबियालेसने, जेनी एर्मोसोचं डोकं दोन्ही हातांनी धरून तोंडावर किस घेतला. ती ड्रेसिंग रूममध्ये लगेच म्हणाली होती की मला आवडलं नाही. नंतर फेडरेशनने तिच्या नावाने वेगळंच निवेदन काढलं. मग बसमधला तिचा हसतानाचा व्हिडिओ बाहेर आला, बघा, हिला काहीच वाटलं नव्हतं म्हणून. वर्ल्डकप जिंकलेली बाई बसमध्ये हसणार नाही तर काय करणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्टाने रुबियालेसला लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी धरलं आणि १०,८०० युरो दंड केला.

तुमच्या धाग्यात बाई नेहमी खेळाडूची कोणीतरी आहे. इथे तर खेळाडू तीच होती. तरी सगळ्यांनी तपासलं तिलाच, ती हसली का, लगेच का बोलली नाही.

आमच्या टीमला लोक विचारतात, घरचे खेळू देतात का, बॉयफ्रेंड चालवून घेतो का. पोझिशन कोणी विचारत नाही. आणि त्या सिडनीच्या फायनलचं नाव काढलं की सगळे किसबद्दल बोलतात. तिथे एक गोल झाला होता. १-० ने जिंकली होती ती मॅच. गोल ओल्गा कार्मोनाने केला, २९ व्या मिनिटाला.

कामठीचा लेफ्टबॅक

कार्मोना लेफ्टबॅक आहे न! मी तो गोल पाहिला आहे पोरी. इंग्लंडच्या ब्राँझनं मधेच बॉल घालवला, स्पेननं लगेच डावीकडे फिरवला, ही मागून धावत आली आणि डाव्या पायानं जमिनीला लागून दूरच्या कोपऱ्यात. ब्राँझ म्हणजे इंग्लंडची राइटबॅक. ती पुढं गेली, मागची जागा मोकळी पडली आणि हिनं ती हेरली. लेफ्टबॅकनं कधी चढायचं आणि कधी नाही, हे शिकवायचं असेल तर याच्यासारखा गोल नाही.

बेझनबागकर (धागाकर्ता)

लेफ्टबॅक भाऊ, शनिवारी या आमच्या ग्राउंडवर. लॅपटॉप मी आणतो, तो गोल थांबवून थांबवून मुलांना तुम्ही समजवा, मग अर्धा तास त्याचीच ड्रिल घेऊ. गोलकीपर ताई, तुझी टीम घेऊन ये. आमच्याकडे अकरा विरुद्ध अकरा खेळायला मुलं कमी पडतात, आणि माझ्या लेफ्ट विंगरला अडवणारी गोलकीपर मला हवीच आहे. साडेपाचला सुरू करू, उन्हं उतरलेली असतात.